वरचा सा फाटतो

१३ ऑक्टो. ७२, शुक्रवार
आज पुन्हा फाटला. वरचा सा. देवीच्या मिरवणुकीत, ऐन वेशीत. खालच्या सुरांत पेटी छान चालते, वर गेलो की आवाज फाटलाच म्हणून समजा. आणि मागं घुमारा राहतो तो वेगळाच. इकोचा खटका बंद केला तरी घुमतंय ते घुमतंयच. कोरड्या विहिरीत तोंड घालून ओरडावं तसं. यंदा कोरड्या विहिरींना तोटा नाही म्हणा.

तात्या पुढं, डाव्या अंगाला, ट्रंपेट घेऊन. बँड त्यांचा, ही विजेची पेटीही त्यांनीच मुंबईहून हौसेनं आणलेली. एकदाही मागं वळून बघितलं नाही. ऐकू आलं नसेल? की मुद्दाम बोलले नाहीत? न बोललेलं जास्त लागतं.

१४, शनि.
बाबूला विचारलं. साइड ड्रम वाजवतो, माझ्या शेजारीच चालतो. म्हणाला, "मास्तर, ड्रमापुढं मला मपलंच ऐकू येत न्हाई, तुमच्या पेटीचं कुठून यायचं?" हा एक ड्रमवाला!

पण एक गोष्ट बरी सांगितली त्यानं. हातगाडी दगडावरून उडते. पेटी वर, लाऊडस्पीकरचं खोकं तिच्या डाव्या अंगाला, खाली मोटारीची बॅटरी. खोक्यात इकोच्या स्प्रिंगा आहेत, गाडी उडाली की त्याही उडणार. खोक्याखाली गोणपाट घातलं, वर जुनी गोधडी चौपदरी करून. वेशीपासून घरापर्यंत गाडी ढकलत वाजवत आणली. शेजारपाजारचे बघायला जमले, मास्तरला काय झालं म्हणून. खडखड गेली. फाटणं राहिलंच.

इथंच लिहितो, दुसरीकडं बोलायची सोय नाही. पुढचे दात गेले तेव्हा क्लॅरनेट सुटलं. वीस-बावीस वर्षं तोंडात होतं, ते धरायलाच दात उरले नाहीत. तात्यांच्या जागी दुसरा मालक असता तर झांजा दिल्या असत्या हातात. त्यांनी पेटीवर बसवलं. म्हणाले, "बोटं शाबूत हायेत ना तुपली?" आता ही पेटी गेली तर पुढं काय? बँडातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडतायत. तिथं कुणी मास्तर म्हणत नाही.

१६, सोम. खंडेनवमी
वाद्यांची पूजा नेहमीप्रमाणं आमच्या घरी. ट्रंपेट, ढोल, झांजा, सगळं ओळीनं मांडलं. मी दाराला तोरण बांधत होतो. आत येऊन बघतो तर बायकोनं, शेवंतानं, पेटीच्या प्रत्येक पट्टीवर एकेक बोट ओलं कुंकू लावलंय, पांढरीवरही आणि काळीवरही. वर मूठभर अक्षता. वर फुलानं पाणी शिंपडलेलं. अहो, ढोलाला चालतं ते! पुसलं की गेलं.

सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो. पेटी दिसत मात्र छान होती, खोटं कशाला बोलू.

१७, मंगळ. दसरा
व्हायचं तेच झालं. शिलंगणाच्या वाजपात सगळी पेटी खरखरली. बोट ठेवलं की खर्रर्र, उचललं की खर्रर्र. लोक हसले. घरी येऊन शे. ला बोललो. बाबूसमोर बोललो. अक्कल गहाण टाकलीस का, असं बोललो.

ती म्हणाली, "वाद्य न्हाई का मंग ती? सगळ्यांची पूजा करायची आन् तिलाच सोडायची?" मग आत जाता जाता, हळू आवाजात (तरी ऐकू आलंच) "फाटतंय तर पूजेच्या आदीपासून म्हंताय तुमी."

तिनं सोनं दिलं ते घेतलं. मी तिला दिलं नाही. आपट्याची पानं खिशातच वाळली.

१९, गुरु.
पेटी उघडली. एकेक पट्टी काढून ताटात मांडली, सुलट क्रमानं. खाली काय नव्हतं! तांदूळ, झेंडूची पाकळी, आणि पितळी पत्त्यांवर कुंकवाचा वाळलेला लेप. पट्टी दाबली की पत्ती पत्तीला टेकायला हवी, मध्ये कुंकू. खरखरेल नाही तर काय? स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश. (दात नसले तरी ब्रश आहे.) शे. ताट धरून बसली होती. स्क्रू मागायच्या आत पुढं करायची.

सगळं परत बसवलं. खरखर गेली, पार गेली. मग वरचा सा दाबला.

फाटला.

म्हणजे कुंकवाचा गुन्हा अर्धाच. शे. नं माझ्या तोंडाकडं बघितलं, ताट उचललं आणि चुलीकडं गेली.

२३, सोम.
आता विजेवर संशय. पिठाची गिरणी चालू झाली की आमचा दिवा निखाऱ्यासारखा होतो, तेवढ्या विजेवर पेटी काय बोलणार? गिरणी बंद असताना वाजवली. तेच. बॅटरीवर वाजवली. तेच. ओळखीच्या जीपवाल्याची नवी बॅटरी उसनी आणली. तेच! वायरी बदलल्या. गोधडी काढली, घातली. इको पूर्ण चढवला, पूर्ण उतरवला. उतरवला तरी कुठंतरी घुमतंच. हा आवाज खोक्यातून येत नसून भिंतीतून येतो असं वाटायला लागलं. भिंतीवर घोंगडी टांगली.

शे. म्हणाली, "आता घराला पन कापूस भरा." पूर्वी अशा वेळी हसलो असतो.

२६, गुरु.
तात्या आले होते. उभ्या उभ्या बोलले, बसले नाहीत. "गंगाराम, तुळशीचं लगीन लागलं की पहिली सुपारी सरपंचाच्या घरची हाय. यंदा सुपाऱ्या हायेतच किती? ही एक वरात चांगली झाली तर पुढच्या येत्याल. तवर पेटी नीट पायजे. न्हाई तर श्रीरामपूरवाला तयार हाय, स्वतःची पेटी घिऊन."

"नीट करतो," म्हणालो.

"मला तर नीटच वाटती. पन तूच म्हनतोस फाटती. सूर तुला कळत्यात, म्हनून मानतो."

हे शेवटचं बोलले ते मनात फार वेळ राहिलं. बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

३०, सोम. नगर
पेटी मांडीवर, खोकं पायाशी, एस्टीनं नगर. कंडक्टर म्हणाला टपावर टाका. म्हटलं आधी मला टाका.

माळीवाड्यात रफिकभाई रेडिओवाले. माणूस बोलघेवडा, तोंड बंद नाही आणि स्क्रूड्रायव्हरही. खोकं उघडलं आणि ओरडलेच, "ये देखो मास्तर! इथंच तर आहे तुमचा चोर!" स्पीकरचा कागद कडेला चांगला बोटभर चिरलेला. हातगाडीवर उडून उडून चिरला असणार. मला इतका आनंद झाला की काय सांगू. खरंच फाटलेलं होतं! मी म्हणत होतो ते खरं होतं. डिंक लावून वरून पातळ कागद चिकटवला, वाळायला ठेवला. उद्या या म्हणाले.

धर्मशाळेत उतरलो. बाजारात जाऊन शे. साठी हिरव्या बांगड्या घेतल्या. दसऱ्याचं सोनं राहिलं होतं ना.

३१, मंगळ.
कागद वाळला. वाजवली. फाटला. वरचा सा फाटला, आणि आता वरचा रेही.

रफिकभाईंना म्हटलं, अजून आहे. म्हणाले, कुठे? पुन्हा वाजवली. म्हणाले, कुठे? दुकानात तीनचार गिऱ्हाईकं होती, त्यांनाही विचारलं. सगळे माना हलवतात, छान आहे म्हणतात. "काच है मास्तर, काच! इतका साफ आवाज माझ्या दुकानातल्या रेडिओचा नाही." मला राग आला. म्हटलं, दिवसभर रेडिओची शिट्टी ऐकून तुमचे कान गेलेत.

ते चिडले नाहीत. चिडायला हवे होते. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "मी जेवून येतो. तुम्ही वाजवत बसा." मी वाजवत बसलो. तासभर. परत येईपर्यंत निघून आलो.

५ नोव्हें., रवि.
लक्ष्मीपूजन. पेटीची वेगळी पूजा नाही. शे. नं नुसती समोर पणती ठेवली, लांब, हातभर लांब. बांगड्या दिल्या. घातल्या तिनं. किणकिणल्याचं दिसलं, ऐकू आलं नाही. फटाके चालू होते.

९, गुरु.
तात्यांना आणि बाबूला बोलावून घेतलं. म्हटलं, आज निकाल लागू दे. सगळी चाल वाजवली, वरातीची, वरपासून खालपर्यंत. तात्या डोळे मिटून बसले. बाबूनं मांडीवर ताल धरला. वर गेलो की प्रत्येक वेळी फाटत होता, माझ्या अंगावर काटा येत होता, आणि ही दोघं मजेत!

तात्या म्हणाले, "आजवर अशी वाजली नव्हती."

"तात्या, चेष्टा नको."

उठताना म्हणाले, "तुला वाजवायचीच न्हाई का, गंगाराम? तसं सरळ सांग. मी वाईट वाटून घेनार न्हाई."

वाजवायची नाही! मला! दार लावून घेतलं आणि पेटीवर डोकं ठेवून बसलो. चारपाच पट्ट्या दाबल्या गेल्या असतील डोक्यानं. वीज चालू होती, सगळे सूर एकदम आले.

१२, रवि.
सकाळपासून वीज नाही. पेटीवर चादर टाकलेली. मी ओट्यावर पाठमोरा बसून वहाणेचा अंगठा शिवत होतो. शे. टँकरवरून आली, डोक्यावर हंडा. फाटकातून हाक मारली, "अवंऽ, हंडा धरा जरा!"

तिचा आवाज फाटला.

वर चढवलेला 'अवंऽ' बरोबर त्याच जागी फाटला, आणि मागं तोच घुमारा. पेटी बंद होती. वीज नव्हती. मी सुई हातात धरून बसून राहिलो. ती ओरडत होती, पाणी सांडतंय, पाणी सांडतंय, आणि मी

१३, सोम.
काल पुढं लिहिता आलं नाही.

आज वीज आली तेव्हा पेटी काढली. बिघाड शोधायची रीत मला आता पाठ आहे. एकेक जोड बंद करत जायचं आणि ऐकायचं. वरचा सा दाबून धरला. उजव्या कानात बोट घातलं. फाटला, घुमला. डाव्या कानात बोट घातलं.

काच. रफिकभाई म्हणाले तेच. स्वच्छ, सरळ, कुठंही चीर नाही.

पुन्हा केलं. किती वेळा केलं. पेटीत काही नाही. कधीपासून नव्हतं कुणास ठाऊक. लाऊडस्पीकर डाव्या अंगाला, बाबूचा ड्रम डाव्या अंगाला, आणि त्याआधी क्लॅरनेट वाजवत होतो तेव्हा ढोल डाव्या अंगाला. सगळं आयुष्य डावीकडून वाजत आलं.

दात गेले तेव्हा रडलो नव्हतो. आज रडलो.

१५, बुध.
जेवताना शे. माझ्या उजव्या हाताला बसली. वाढताना उठली, परत उजव्या हाताला. बघत राहिलो. काल रात्रीही तिथंच बसली होती. परवाही. आमच्या घरात तिची जागा चुलीपाशी, म्हणजे माझ्या डाव्या अंगाला. लग्न झाल्यापासून डाव्या अंगाला. कधी बदलली?

विचारलं. तर म्हणते, "लई दिस झाले की. गुढीपाडव्याच्या सुमारापासून आसंल. त्या अंगानं बोललं की तुमी 'काय? काय?' करून खेकसता. आदी वाटलं राग हाय कशाचा. मंग कळलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुमाला ठावं हाय. आपला कान आपल्याला ठावं नसतोय व्हय?"

पाडव्यापासून! आणि दसऱ्याला मी कुंकवापायी तिला बाबूसमोर नको ते बोललो. तसं म्हटलं तिला. म्हणाली, "खरखर मपल्या कुंकवाचीच व्हती. तेवढं मपलं. बाकीचं तुमचं." आणि ताकाची वाटी पुढं सरकवली, उजवीकडून.

१८, शनि.
शे. नं कुणाकडून तरी काढलं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात कानाचा डॉक्टर बुधवारी बसतो. बुधवारीच सरपंचाच्या घरची वरात. ती म्हणाली, डॉक्टरकडं जाऊ, तात्यांना मी सांगते. म्हटलं खबरदार.

काय सांगणार? दात गेले तेव्हा त्यांनी पेटी दिली. कान गेला तर काय देतील? त्यांच्याकडं आता फक्त झांजा आहेत. आणि दया. झांजा परवडल्या.

घरोघर तुळशीची लग्नं चाललीत. ऊस महाग, कुणी कुणी ज्वारीचं वाळलेलं ताटच उभं केलंय मांडवाला. वाजपाला आम्ही चौघं गेलो होतो. पेटी नेली नाही, वायर नाही म्हणून सांगितलं.

२२, बुध.
वरात झाली. घरी येऊन लगेच लिहितोय.

डाव्या कानात कापसाचा बोळा घातला होता, वरून टोपी ओढून घेतली. पहिल्या चालीलाच समजलं, असा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. काय गोड पेटी आहे ती! कुठं शंका नाही, कुठं चीर नाही. बोटं आपोआप पळायला लागली. इको चढवला. वरच्या सावर जाऊन बसलो, तिथंच दोनचार वळणं घेतली, खाली आलो, पुन्हा वर गेलो. खरं सांगतो, क्लॅरनेट सुटल्यापासून पहिल्यांदा मजा आली. डोळे मिटले.

उघडले तेव्हा बाबूच्या काठ्या खाली होत्या. ढोल थांबलेला. झांजा थांबलेल्या. तात्या ट्रंपेट काखेत मारून माझ्याकडं बघत उभे. सगळा बँड थांबला होता आणि मी एकटाच वाजवत होतो. किती वेळ, कुणास ठाऊक. थांबायची खूण तात्या ट्रंपेटनं देतात, एक आखूड फुंकर, डाव्या अंगानं. मला ती आलीच नव्हती.

मान खाली घालून कशीबशी चाल आटोपती घेतली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! सरपंचाचा भाऊ पुढं येऊन म्हणाला, "पुन्हा घ्या, मास्तर, ते एकट्याचं पुन्हा घ्या!" तात्यांचा चेहरा फुललेला. त्यांना वाटलं मी मुद्दाम धरून ठेवलं.

बाबू मात्र हसला नाही. तो माझ्या टोपीकडं बघत होता.

२३, गुरु.
सकाळीच तात्या घरी. आज बसले. मांडी घालून, ऐसपैस. शेवगावकडची एक सुपारी आली म्हणाले, कालच्या वरातीतूनच. श्रीरामपूरवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. "त्यांनी खास इचारलंय, पेटीवाला एकटा वाजवतो ते हाय ना? म्हनलं, हाय म्हंजे काय! आता दर सुपारीला करायचं आपन ते, गंगाराम. मी खूण केली की बँड थांबनार, तू चालू ठिवायचं. दुसरी खूण केली की तू थांबायचं."

दुसरी खूण.

मी म्हटलं, "तात्या, तुम्ही माझ्या उजव्या अंगानं चाला."

हसले. "का रं? पह्यल्यापासून मी डावीकडंच असतो की. काय झालं उजवीकडं?"

शे. चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आत आली नाही. माझ्याकडं बघत होती.

म्हटलं, "सांगतो, तात्या. चहा घ्या आधी."

शे. नं आत येऊन कप त्यांच्या हातात दिला. ते बशी तोंडाला लावून माझ्याकडं बघत राहिले.